फाळक्यावरची थाप

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर आईनं लावलेलं कुंकू होतं. दर दसऱ्याला ती त्याच जागी बोट टेकवायची, म्हणून पत्र्यावर एक जाड, काळपट ठिपका तयार झाला होता. अकोल्याच्या मिस्त्रीनं ग्राइंडर लावला तेव्हा पहिला तोच गेला.

"काका, भोक मोठं कराच लागते," मिस्त्री म्हणाला. "जुनी गाडी आहे. टेपची जागा इतकुशी. तेच्यात स्क्रीन कशी बसन?"

 दुकानाबाहेर उभं राहून बाबा ठिणग्या पाहत होते. टेप बाहेर निघाला, त्याच्यामागून मूठभर वाळलेला झेंडू निघाला. कित्येक वर्षांचा असेल. मिस्त्रीनं तो फडक्यानं झटकून टाकला.

स्क्रीन बसवायची ही माझी कल्पना. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, अकोल्यात एका कंपनीच्या ऑफिसात हिशेब पाहते. हे सांगताना मी लाजत नाही. लाजायचं काहून? भातकुलीकडच्या आमच्या शेतातला झेंडू आणि शेवंती या गाडीतून अमरावतीच्या फूलबाजारात गेली, म्हणून मी शिकले. बाबा गाडी चालवायचे आणि आई मागं हौद्यात, फुलांच्या गठ्ठ्यांना टेकून बसायची. केबिनमध्ये जागा असली तरी मागंच. पुढं बसलं की फुलं वाऱ्यानं उडतात, असं ती म्हणायची. मला वाटतं तिला मोकळ्या हवेत बसायला आवडायचं.

फूलबाजाराची गल्ली अशी आहे की गाडी आत वळतच नाही. रस्त्यावरून उलटी घालावी लागते. एका बाजूला गाळे, दुसऱ्या बाजूला हारवाल्या बायांचे सिमेंटचे ओटे, मधी हमाल, सायकली, गायी. दुसऱ्या गाड्यांचे लोक मागून "आन दे, आन दे" ओरडतात आणि थांबवायचं असलं की पत्र्यावर जोरात एक दणका देतात. आईची रीत उलटी होती. ती उतरून गाडीमागं उभी राहायची, हौद्याच्या मागच्या फाळक्यावर तळहात ठेवायची आणि मागं मागं चालत सारखी थाप देत राहायची. थाप वाजते आहे तोवर बाबांनी यायचं. थाप बंद झाली की थांबायचं.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, तू दुसऱ्यांसारखा दणका काहून देत नाहीस.

"अन् तो दणका तेह्यले आयकूच नाई आला त?" आई म्हणाली. "एवढा गलका असते. मंग मी चाकाखाली. थाप आयकू नाई आली त गाडी उभी राहीन, बाकी काय होते?"

पुढं कॉलेजात पुष्कळ शिकले, पण इतका पक्का विचार मी कमी वेळा ऐकला. बाबा आरशात पाहायचेसुद्धा नाहीत. मान थोडी डावीकडे कलती करून, डोळे अर्धे मिटून, फक्त ऐकायचे. सगळं आयुष्य त्यांनी ती गल्ली अशी कानानं चालवली.

गेल्या पावसाळ्यात आई तापानं गेली. आधी गावातल्या डॉक्टरनं साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या, नंतर अमरावतीला नेलं तर रक्तातलं काय काय उतरलेलं होतं. फार बोलत नाही त्याबद्दल.

तेराव्यानंतर बाबा गाडी घेऊन एकटेच बाजारात गेले. हमाल मागून ओरडत होता, बाबांना काही कळेना. एका गाळ्याचं शटर घासलं. पुढच्या खेपेला चहावाल्याचा बाक मोडला. मग व्यापाऱ्यांनी सांगितलं, "मागं आपला माणूस घेऊन या, नाई त गाडी आत घालू नका."

मी गावी गेले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. गाडी अंगणात, हौद्यात कोंबड्या.

"बाबा, विकून टाका न आता," मी म्हटलं. "फुलं गावातल्या दुसऱ्या गाडीत पाठवू."

"अन् मी काय करू?"

"आराम करा."

"आराम," बाबा म्हणाले. "तुही माय गेली, आता गाडीबी जाऊ दे म्हणतं. मले बाजेवर टाक अन् तोंडावर पांघरून घाल, झालं."

त्या माणसाला दुसरं काही नव्हतं, ही खरी गोष्ट. शेतात ते कधी रमलेच नाहीत. गाडी होती म्हणून बाजार होता, बाजार होता म्हणून चार माणसं त्यांना भाऊ म्हणून हाक मारत होती. तेव्हा मी स्क्रीनचं बोलले. माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या गाडीत आहे. रिव्हर्स टाकला की मागचं सगळं समोर दिसतं, जवळ काही आलं की वाजतं.

"माणूस नाई लागत?" बाबांनी विचारलं.

"नाही लागत."

ते गाडी घेऊन अकोल्याला आले. मिस्त्रीनं दिवसभर काम केलं. कॅमेरा नंबर प्लेटच्या वर लावला, बंपरमध्ये सेन्सर बसवले. त्या गंजक्या डॅशबोर्डवर ती काळी चकचकीत काच म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडात सोन्याचा दात. बाबांनी बोटानं हळूच टोचून पाहिलं. नकाशा उघडला, तो बंद करता येईना. मी हसले, तेही हसले. मग मोकळ्या मैदानात मी त्यांना शिकवलं. हिरवी रेघ, पिवळी रेघ, लाल रेघ. आवाज सुरू झाला की हळू, भरभर वाजायला लागलं की थांबायचं. त्यांनी सगळं बरोबर करून दाखवलं. त्या मैदानात गलका नव्हता, गाळे नव्हते, फुलांचा वास नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. उजाडताना झेंडू भरला आणि केबिनमध्ये बाबांच्या शेजारी बसले. गल्लीच्या तोंडाशी आलो तर बाजार ओसंडत होता. आईच्या मैत्रिणीचा ओटा तिथंच पहिला लागतो. मी तिला मावशी म्हणते. हार गुंफणारी, जिभेची तिखट. आई गेल्यापासून बाबांना घरचा डबा तिनंच कितीदा दिला होता. ती खिडकीपाशी आली, आत डोकावली.

"भाऊ, टीव्ही घेतला काय गाडीत? मालिका लागते काय?"

"लागते न," बाबा म्हणाले. "तुह्या ओट्याची लागते. काय काय पाप करतं, सगळं दिसते."

ती हसत मागं गेली. आईच्या मरणानंतर बाबांना कुणाची थट्टा करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर गल्ली उजळली. गाडी सरकायला लागली, आवाज सुरू झाला. टूट, टूट. मी बाबांकडे पाहिलं. त्यांची मान डावीकडे कलली होती. डोळे अर्धे मिटले होते. चेहरा इतका निवांत की मला बरं वाटलं. स्क्रीनवर मावशी पाठमोरी वाकलेली दिसली, सांडलेली फुलं गोळा करत होती. एक हात ओट्याच्या कडेवर टेकलेला. लाल रेघ तिच्या लुगड्याला लागली. आवाज भरभर झाला, मग सलग झाला, आणि बाबांनी पाय ब्रेकवर नेलाच नाही.

"बाबा, थांबा," मी ओरडले.

थांबले. पण तोवर फाळका ओट्याला टेकला होता आणि मधी मावशीचा हात होता.

ती किंचाळली नाही. नुसती "भाऊ, भाऊ" म्हणत राहिली. गाडी पुढं घेतली तेव्हा तो हात मी पाहिला. कसा होता ते सांगत नाही.

दवाखान्यात उजव्या हाताची बोटं काढावी लागली. हार गुंफणाऱ्या बाईची. पोलीस आले तेव्हा बाबा उभे राहून म्हणाले, चूक माझी आहे, पोरीचं नाव घेऊ नका. मावशीची सून दारातच आम्हाला अडवून बोलली, "म्हातारा टीव्ही पाहून राहिला होता. साऱ्या बाजारानं पाह्यलं." ते बाजारभर झालं. आजही तिथं तेच सांगतात. आणि ते खोटं आहे. बाबांनी स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं.

गावी परतल्यावर मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवेना.

"बाबा, वाजत होतं न? आयकू येत होतं न तुमाले?"

"येत होतं."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काही अडाण्यासारखं विचारलं होतं.

"वाजत होतं म्हणून त येत होतो, माय."

मी उठून मागच्या अंगणात गेले. भांडी घासायची होती, ती घासली.

त्यानंतर बाबांनी चावी हातात घेतली नाही. मावशीला भेटायला ते एकदा गेले. तिनं डाव्या हातानं पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, आता येत नका जाऊ. सुनेले बरं नाई वाटत." तेव्हापासून बाजारही संपला.

गाडी तिवश्याच्या एका संत्रीवाल्यानं घेतली. माणूस वाईट नव्हता. स्क्रीन पाहून खूश झाला, गाणं लावून पाहिलं. बाबांनी त्याला एकच विचारलं.

"मागं कोणी उभं राह्यते काय तुमच्या?"

"कॅमेरा आहे न काका. कोणाले उभं कराचं?"

आमच्या अंगणातून गाडी उलटीच काढावी लागते. कागदांची पिशवी द्यायला मी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसले होते. रिव्हर्स टाकल्याबरोबर सेन्सर वाजायला लागला. स्क्रीनवर बाबांचं धोतर दिसलं. ते मागं जाऊन उभे राहिले होते.

"काका कावून मधी आले?" संत्रीवाला म्हणाला.

तेवढ्यात फाळक्यावर थाप पडली. मग दुसरी. एका लयीत, सारखी.

"येऊ द्या," मी म्हटलं. "हळू."

गाडी सरकत गेली. सेन्सर कोकलत होता, थाप चालू होती. कुंपणाच्या खांबाजवळ थाप बंद झाली.

"थांबा."

"मशीन त केव्हाचंच वाजून राह्यलं, बाई. नेमकं कवा थांबाचं?"

"आता," मी म्हटलं. "आता थांबा."

त्यानं ब्रेक दाबला. मी उतरले. बाबांनी फाळक्यावरून हात काढला, तळव्याला गंज लागला होता, तो धोतराला पुसला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते थांबले नाहीत. घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले. मी त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, तोंड उघडं ठेवून.