लुगड्याचा तुकडा

‘अजून जरा.’

विळी असो, कोयता असो की महाराजांची तलवार, शिकलगारबाबा धारेवर अंगठ्याचं नख आडवं फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘अजून जरा.’ की पुन्हा निसणा, म्हणजे धारेचा दगड, हातात. एकदा त्यांनी आमच्या विळीला अशी धार लावून दिली की भोपळा चिरता चिरता सासूबाईंचं बोट चिरलं तरी त्यांना पत्ता नाही. फोड लाल दिसली तेव्हा कळलं. मी हे बाबांना हसत सांगितलं. त्यांनी विळी मागून घेतली, नख फिरवलं आणि म्हणाले, ‘तरी म्हटलं, अजून जरा हवी होती.’ आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

बाबा आधी राजवाड्यातल्या शिलेखान्यात हत्यारांना धार लावायला होते. महाराज वारले, मागं मुलगा नव्हता, कंपनीनं राज्य घेतलं आणि शिलेखान्याला कुलूप घातलं. तेव्हापासून बाबा गल्लीगल्लीतून विळ्या-कोयत्यांना धार लावत फिरायचे. दसऱ्याआधी मात्र त्यांना मनासारखं काम मिळायचं. या तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी घरांतून पूजेला एक तरी तलवार असायचीच. लढायला नव्हे हो, नुसती कुंकू लावायला. आमच्या घरची मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांची होती. मुठीवर सोन्याची वेल. सासूबाई ती आपल्या लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बाबांच्या हवाली करायच्या, आणि त्याच तुकड्यातून ती परत यायची.

लग्न होऊन मी तिरुवैयारूहून इथं आले आणि थोड्याच दिवसांत उत्तरेत बंड उठलं. शिपायांनी साहेब मारले, साहेबांनी गावं जाळली, काय काय कानावर यायचं. लढाई तिकडं शेकडो कोसांवर; पण बंडाचे पुढारी मराठी बोलणारे आहेत म्हटल्यावर इकडं आमच्याकडं वाकड्या नजरेनं बघणं सुरू झालं. रस्त्यात मराठी बोलणं बंद पडलं. मामंजी तर गाईशीसुद्धा तमिळ बोलू लागले. गोसावी भिक्षेला आला, तो हेर. दूधवालीला उशीर झाला, तर वाटेत कुणाशी बोलत होती? शेजारी आमच्याबद्दल असंच बोलत असणार, कारण माझे यजमान कचेरीत दुभाषे. साहेबाचा माणूस म्हणून गल्ली आम्हाला बिचकायची आणि मराठी म्हणून साहेब यांच्यावर नजर ठेवायचा.

दसरा तोंडावर आला आणि दवंडी पिटली. घरात असेल नसेल ते हत्यार कचेरीत आणून द्या, मागाहून सापडलं तर तुरुंग. आमची तलवार तेव्हा बाबांकडं धारेला गेलेली. मामंजी दोन्हीकडून अडकले. नेऊन द्यावी, तर दुभाष्याच्या घरात ही आजवर का होती म्हणून साहेब विचारणार. न द्यावी आणि बाबांनी नाव घेतलं, तर मुलगा तुरुंगात. सगळं घर त्या एका माणसाच्या तोंडावर टांगलेलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पणती ठेवत होते. बाबा आले. डोक्यावर सरपणाची मोळी, आणि मोळीतून लुगड्याचा काठ जरासा दिसत होता. हळूच म्हणाले, ‘धाकट्या बाईसाहेब, थोरल्या रावसाहेबांना सांगा, वस्तू तयार आहे.’

मी वळले तर मामंजी दाराआडच उभे. गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी पान चघळत उभं होतं. तो कचेरीचा माणूस, यानंच त्याला मागं आणलाय, वस्तू आपल्या हातात पडली की झडप घालतील, असं ते सासूबाईंना दबक्या आवाजात सांगत होते. मग आतूनच मोठ्यानं म्हणाले, ‘यारदु? कोण आहे? आम्ही कुणाला काही दिलेलं नाही.’

‘बरं,’ बाबा म्हणाले, ‘मग माझ्याकडं अजून जरा राहू दे.’ आणि मोळी सावरत निघून गेले. कोपऱ्यावरचा तो माणूस कोण होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढं कुणी म्हणालं, बाबा कचेरीच्या बाजूला दिसले. कुणी म्हणालं, कंपनीनं त्यांना फोडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी सडा घालायला दार उघडलं, तर तिण्णैवर लुगड्याचा तुकडा. धुतलेला, नीट घडी घातलेला, आणि आत काही नाही. मामंजी भडकले. विकली म्हणाले, तलवार विकून खाल्ली आणि वर चिंधी परत करतोय. सासूबाईंनी कापड नाकाशी नेलं. धुऊनही तेलाचा वास गेला नव्हता. त्यांनी ते तसंच आत नेऊन ठेवलं.

दुपारी खंदकाकाठी बाबांच्या झोपडीची झडती झाली. बाबांना मराठीखेरीज धड काही बोलता येत नसे, म्हणून साहेबानं यजमानांना बरोबर नेलं. संध्याकाळी हे घरी आले ते तिण्णैवर बसूनच राहिले, पाय धुवायचंही सुचेना. मग सांगितलं. तलवार चुलीमागं होती, उघडी. साहेबानं विचारलं, कुणाची? बाबा म्हणाले, माझी. साहेब हसला. सोन्याची मूठ, आणि शिकलगाराची? तेव्हा बाबांनी हात पुढं केला, शिपायाच्या हातातल्या पात्यावर नख फिरवलं.

‘माझीच आहे, साहेब. अजून जरा धार हवी होती. पण दिवसभर लोकांची कामं, स्वतःच्या वस्तूला वेळ कुठं मिळतो?’

आणि हे इंग्रजीत करून साहेबाला सांगितलं कुणी? यांनीच. बाबांनी यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

कापडाचा अर्थ तेव्हा आमच्या डोक्यात शिरला. त्या काठावरून गल्लीतल्या कुठल्याही बाईनं आमचं घर ओळखलं असतं. तलवार खंदकात टाकून बाबा मोकळे झाले असते. पण दुसऱ्याची वस्तू, धारेला आलेली, ती ते कशी टाकणार? त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेलं. पुढं बंड मोडलं, मामंजी पुन्हा गाईशी मराठी बोलू लागले, पण बाबा आले नाहीत. आणि एवढं होऊनही मामंजी कितीतरी दिवस म्हणायचे, तिथं मार पडला की बोलेल तो. मला इतका संताप यायचा की हातातलं भांडं आपटावंसं वाटायचं. सून होते, आपटलं नाही.

त्या वर्षीचा दसरा मात्र सांगायलाच हवा. मामंजींनी पाटावर तलवारीच्या जागी विळी ठेवली. सासूबाई उठल्या, आतून तो तुकडा घेऊन आल्या, विळी बाजूला सारली आणि पाटावर कापड पसरलं. तलवार असती तर जेवढी लागली असती तेवढी जागा त्यांनी मधे सोडली आणि दोन्ही बाजूंनी काठ दुमडले.

‘दार लावा,’ मामंजी म्हणाले, ‘कुणी बघेल.’

‘बघू दे,’ सासूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी कापडाला कुंकू लावलं. मामंजी उठले, दारापर्यंत गेले आणि ते न लावताच परत येऊन बसले. मग त्यांनी फूल वाहिलं.