मन्सूर गवंड्याच्या नडगीवरची खिडकी

मन्सूर गवंड्याकडून घर बांधून घेणं म्हणजे भोरमध्ये एक तपश्चर्याच होती. स्लॅब टाकला की एकवीस दिवस खालच्या टेकूंना हात लावायचा नाही. वास्तुशांतीचा मुहूर्त उद्यावर येवो, मालक पाया पडो, मन्सूर स्लॅबला थापटी मारून सांगणार, "अजून कच्चा हाय."

असा हा माणूस २००३ साली विंझरला शाळेच्या खोलीचा स्लॅब टाकून झाल्यावर परांचीवरून पडला. नडगीच्या हाडाचा बोटभर तुकडाच चुरा झाला. पुण्याच्या डॉक्टर लताबाईंनी आतून धातूची पट्टी बसवली आणि रिकाम्या जागेत हाडाच्याच क्षारांचे पांढरे खडे भरले. त्यांच्या आधारानं नवं हाड वाढायचं होतं. त्याला चालना म्हणून प्लास्टरला एक खिडकी ठेवली. तिथं जेल लावून रोज वीस मिनिटं अल्ट्रासाउंडचं छोटं यंत्र धरायचं. तीन महिन्यांत हाड नाही धरलं तर दुसरं ऑपरेशन, आणि परांची कायमची बंद.

खडे मन्सूरला लगेच पटले. दोन दगडांत फट राहिली तर तोही चिपा भरायचाच. कोडं पडलं ते यंत्राचं. आवाज, पण ऐकू येत नाही, हे कसं? बाई म्हणाल्या, तो हाडातल्या पेशींना कामाला लावतो.

"म्हंजे मुकादमच की," मन्सूर म्हणाला. "पण वरडत न्हाई असा मुकादम म्या पयल्यांदाच बगतोय."

घरी आल्यावर मात्र त्याच्यातला गवंडी जागा झाला. वर भार पेलायला लिंटल नसलेलं भोक भिंतीला चालत नाही, मग पायाला कसं चालेल? त्यानं पीओपी आणवलं आणि खिडकी बुजवून टाकली. वर यंत्र मात्र इमानानं, रोज वीस मिनिटं, जेल लावून.

महिन्यानं तपासणीला गेला तेव्हा काम इतकं सफाईदार होतं, की बाईंना खिडकी सापडेना. एक्स-रेत खडे जसेच्या तसे, नवं हाड कुठंच नाही.

"लाटा हवेच्या फटीतूनसुद्धा जात नाहीत, म्हणून तर जेल," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "प्लास्टरमधून काय जाणार?"

खिडकी पुन्हा कापली. त्या दिवसापासून मन्सूरची बायको खुर्शिदा घड्याळ घेऊन समोर बसू लागली. ह्या मुकादमाला मात्र आवाज होता.

तीन महिने भरले. नव्या एक्स-रेत खड्यांच्या मधून पांढरट साय धरलेली दिसली. बाई खूश झाल्या. पायावर भार द्या म्हणाल्या. मन्सूरनं फिल्म उजेडाला धरली आणि बराच वेळ न्याहाळली.

"बाई, ह्या कोपऱ्यात अजून कच्चा वाटतोय. एकवीस दिस टेकू ऱ्हाऊ द्या."

खुर्शिदानं डोळे मिटून घेतले. बाईंनी फिल्म परत घेतली, तो कोपरा पाहिला आणि कागदावर लिहिलं: कुबड्या, आणखी तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात मन्सूर स्वतःच्या पायांनी विंझरला गेला. शाळेच्या स्लॅबखालचे टेकू तसेच उभे होते. त्याला विचारल्याशिवाय ते काढायची चार महिन्यांत कुणाची छाती झाली नव्हती.