होऊन राहिलं

मोठी सॉफ्टवेअर वेळेत का पूर्ण होत नाहीत, यावर आमच्या कंपनीत लांबलचक बैठका होतात. मी मान खाली घालून बसते. एक तर मीच बुडवलंय, तेही दोन शब्दांनी.

कंपनी पुण्याची, मी आमगावच्या घरून काम करायची. आमच्या जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांसाठी टोकनची व्यवस्था करायची होती. शेतकऱ्यानं मोबाइलवर नोंदणी करायची, मिळालेल्या वेळेलाच धान आणायचं, रांग नाही. नोंदणीचा भाग माझा. दोन गावांत बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, असलेला शेतकरी त्या प्रोग्रामला दोन माणसं वाटायचा. ते निस्तरेपर्यंत वरून नवं फर्मान यायचं, आता बारदाना, म्हणजे रिकामी पोतीही मोजा. की पुन्हा पहिल्यापासून.

रोज सकाळी पुण्याचे सर मीटिंगमध्ये विचारायचे, "नोंदणीचं काय?" मी म्हणायची, "होऊन राहिलं, सर." आमच्याकडे याचा अर्थ, काम चालू आहे. सरांनी अर्थ लावला, झालं. सज्जन माणूस! त्यांनी तक्त्यात माझ्या नावापुढे हिरवा रंग भरला आणि बाकीच्यांनी माझ्या अर्धवट कामावर आपापलं काम रचलं.

तो हिरवा रंग मी दुसऱ्याच आठवड्यात पाहिला होता. उद्या सांगू, तोवर होईलच, असं रोज स्वतःला समजावत राहिले.

सुरुवात कामठ्याकडच्या एका केंद्रावर करायची ठरली. तिथले जुने कारकून, ज्यांना मी काका म्हणायची, माझे फार लाडके. मी गेले की आधी चहा, मग पोहे, मग काम. एका बोटानं टाइप करायचे आणि अक्षर बरोबर उमटलं की माझ्याकडे बघून हसायचे. त्यांचा हा निवृत्तीआधीचा शेवटचा हंगाम. यंदा लाइन नाई लागनार, असा शब्द ते गावोगाव देऊन आले होते.

नोंदणी अर्धवटच होती, पहिल्याच दिवसासाठी सगळ्यांना एकच वेळ मिळाली. ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत. फोनच्या स्पीकरवर सर कडाडले, "तू तर झालं म्हणाली होतीस!" मी पुटपुटले, "होऊन राहिलं म्हणाले होते, सर."

काका शेजारून म्हणाले, "अजी साहेब, होऊन राहिलं म्हंजे झालं नाई ना जी. होऊनच राहिलं."

"म्हणजे भाषेचा घोळ!" सर म्हणाले. मला हसू फुटलं. सगळं भाषेवर ढकललं गेलं होतं, मी सुटले होते. पण काकांसमोर ते पचेना. फोन ठेवल्यावर त्यांना सांगून टाकलं, सरांचा गैरसमज झालाय हे मला ठाऊक होतं.

"मंग काऊन नाई सांगतलीस?"

"भेव वाटला, काका."

ते उठले. खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळून बाहेर गेले आणि एकेका ट्रॅक्टरपाशी हात जोडू लागले, "चुकी माझी हाये, मलेच ते मशीन समजलं नाई." मी पुढे होऊन तोंड उघडणार, तोच हळूच म्हणाले, "तू चुप राह्य, पोरी. तुले अजून नोकरी करायची हाये. माझी तं झाली."

मी ऐकलं त्यांचं. ऐकायला नको होतं.