मागच्या अंगणात मी पाणी टाकलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडून उभी असतानासुद्धा नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी मागून मोकळी होत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? नीटसं ठाऊक नाही. थकले, एवढंच म्हणता येईल. एखादी गोष्ट लपवून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि मला आता एकाहत्तरावं चालू आहे.

गोष्ट म्हणाल तर फरशांची आहे. अंगणातल्या पेव्हरची. तुम्हाला वाटेल, फरशांचं काय सांगायचं असतं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

आम्ही बडोद्याला मांजलपूरमध्ये राहतो. राहतो म्हणजे — आता मी एकटीच राहते. चौदा टेनामेंटची सोसायटी, प्रत्येक घराच्या मागे छोटं अंगण. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निवृत्त झाल्यावर ते अंगण हौसेने करून घेतलं होतं. विटकरी आणि राखाडी पेव्हर, मध्ये छपराचा हिंचका, म्हणजे झोपाळा, कडेने माझ्या मोगऱ्याच्या कुंड्या. पहिलं वर्ष विटकरी रंग असा होता की शेजारचे मुद्दाम बघायला यायचे. मग ऊन लागलं. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल — मार्चमध्ये बसतं ते जूनपर्यंत उठत नाही. तिसऱ्या वर्षी अंगण जुन्या परकरासारखं विटलं. फक्त हिंचक्याच्या छपराखाली एक चौकोन तेवढा लाल राहिला होता, त्यामुळे बाकीचं किती गेलं ते उलट रोज दिसायचं.

यांना ते सहन होईना. हे कारखान्यात माल तपासणीवर होते. बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची, तिच्यावर लाल खडूने फुली मारायची, हेच काम. घरी आल्यावर खडू ठेवून देत, पण नजर तीच. वाईट माणूस नव्हते — हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही सगळं त्यांच्यावर ढकलाल, आणि तसं झालेलं मला नको आहे. त्यांनी माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त बघायचे. चूक झाली की चष्मा काढून दोन क्षण बघायचे आणि म्हणायचे, "सांगितलं होतं ना, सुमन?" बस. एवढंच.

एवढ्याला माणूस घाबरतो? मी घाबरत होते.

कुणीतरी रमणभाईंचं नाव सुचवलं. छाणीला राहायचे. पेव्हर धुऊन त्यावर सीलर लावायचं काम करायचे, बरोबर बायको असायची, कोकिलाबेन. दोघंच, आणि एक जुनी स्कूटर. रमणभाईंनी अंगणात उकिडवं बसून फरशीवरून तळवा फिरवला आणि यांना समजावून सांगितलं — रंग सिमेंटमध्येच असतो, ऊन तो वरवरून खात जातं. सीलरचा पातळ थर बसला की रंग पुन्हा उठून दिसेल आणि पुढे काही वर्षं टिकेल. पण एक अट. फरशी आतून कोरडी पाहिजे. वरून कोरडी दिसली आणि खाली वाळूत ओल राहिली, तर ती ओल सीलरखाली अडकते आणि सगळं दुधासारखं पांढरं पडतं. सोमवारी धुऊन जाईन, म्हणाले, गुरुवारी लावीन. मधल्या दिवसांत पाण्याचा थेंब नको. कुंड्यांनासुद्धा नको. कुंड्या त्यांनी स्वतः उचलून पुढच्या बाजूला नेऊन ठेवल्या, मोगऱ्याची सर्वांत मोठी तेवढी दोघांनाही हलेना, म्हणून राहिली.

हे पुण्याला भावाकडे निघाले होते. निघताना त्यांनी मला पुन्हा बजावलं. रिक्षात बसल्यावर आणखी एकदा. "पाणी नाही टाकायचं. आणि शनिवारी मी येईन तेव्हा काम झालेलं असू दे." चौदा घरांपैकी नऊ घरं आमचं अंगण कसं होतं ते बघून रमणभाईंना काम देणार होती. तसं सगळं बोलून झालं होतं.

बुधवारी दुपारी धुळीचं वादळ आलं. अंगणभर धूळ, पानं, कुणाच्या तरी गच्चीवरचा कागद. संध्याकाळी झाडायला गेले तर मोगरा मान टाकून उभा. मी पाइप लावला. नुसतं कुंडीपुरतं — असं ठरवूनच लावला. मग पाइप हातात होता, फरशी तापलेली होती, धूळ होती. मी कोपरा धुतला. मग दुसरा. मग हिंचक्याखालचं तेवढं सोडून सगळंच अंगण. पाहुणे येणार होते असं म्हणायची फार इच्छा होते मला, पण कुणी येणार नव्हतं. पायाखाली गार लागत होतं, बरं वाटत होतं. दुसरं कारण नाही.

सकाळपर्यंत वाळेल, असं वाटलं. आणि सकाळी खरंच वाळलेलं दिसलं.

गुरुवारी आठला दोघं आली. रमणभाईंनी पुन्हा तळवा टेकवला, कोपऱ्यात जरा जास्त वेळ ठेवला. मग मान वर करून विचारलं, "बेन, पाणी तो नथी नाख्युं ने?"

मी म्हटलं, "नाही."

ते थोडे घुटमळले. म्हणाले, एक दिवस प्लास्टिक पसरून कडा चिकटवून ठेवतो, खाली दव धरलं नाही तर उद्या लावू. मला काय झालं असेल तेव्हा? एक दिवस गेला असता, एवढंच. पण प्लास्टिकखाली दव धरलंच असतं, काम शनिवारवर गेलं असतं, हे आले असते, आणि चष्मा निघाला असता. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का, रमणभाई?" जरा हसून म्हटलं. शाळेत पालकांशी बोलायचे ना, तसं. मी प्राथमिकच्या वर्गावर तेहेतीस वर्षं शिकवलंय — सगळे मला टीचरच म्हणायचे. माझ्यासारखीला तो माणूस काय उत्तर देणार? त्याने रोलर काढला. कोकिलाबेन बाजूलाच डबा ढवळत होती. तिने सगळं ऐकलं.

दुपारी अंगण पुन्हा विटकरी झालं. इतकं सुंदर, की मी खुर्ची टाकून बघत बसले. मनात म्हटलं, निभावलं.

शुक्रवारी दुपारपासून पांढरं धरायला लागलं. आधी सांध्यांच्या कडेने, मग फरशांवर, जसं मी पाणी फिरवलं होतं तसंच. फक्त हिंचक्याखालचा चौकोन चांगला राहिला, तिथे मी पाइप नेला नव्हता. मी फडक्याने पुसून पाहिलं. नखाने खरवडलं. रमणभाईंना फोन करायला हवा होता. केला नाही.

शनिवारी हे आले, बॅग खाली न ठेवताच मागे गेले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. त्यांची हाक आली नाही, त्यावरूनच मला कळलं. मी बाहेर जाऊन त्यांच्या आधीच बोलले — "त्याने काय भेसळीचं लावलं कोण जाणे." त्यांनी काही विचारायच्या आत. वर्गात मी हे कितीदा पाहिलं असेल? ज्याने केलेलं असतं तोच आधी बोलतो. मी पटकन ओळखायची. हे, इतकी वर्षं तपासणी करून, माझ्याबाबतीत ओळखू शकले नाहीत. त्यांच्या मनातच आलं नाही.

आता येते त्याच्यावर. इतका वेळ मी फिरते आहे ती याच्याभोवतीच.

रविवारी सकाळी रमणभाई आणि कोकिलाबेन आली. हे अंगणात उभे, मी दारात. सोसायटीतले दोघं-तिघं कुंपणापलीकडे. रमणभाई फरशीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, ही खालची ओल आहे, पाणी पडलंय. हे म्हणाले, माझ्या घरात पाणी पडलेलं नाही. तेव्हा रमणभाई म्हणाले, "साहेब, में बेनने पूछ्युं हतुं."

हे माझ्याकडे वळले. चष्मा डोळ्यांवरच होता. चेहऱ्यावर माझ्याविषयी शंका नव्हती, नुसतं एक काम उरकायचं होतं.

"त्याने तुला विचारलं होतं?"

तुम्ही लक्षात घ्या, मला पाणी टाकलं की नाही असं विचारलंच नव्हतं. फक्त त्याने विचारलं होतं का, एवढंच. "हो, विचारलं होतं" इतकं जरी मी म्हटलं असतं — पहिलं खोटं तसंच ठेवूनसुद्धा — तरी त्या माणसाची इज्जत राहिली असती. मला तेवढंही जड झालं. विचारलं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता.

मी म्हटलं, "नाही. मला काही विचारलं नाही त्यांनी."

रमणभाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण कुठे आहोत ते विसरल्यासारखं. मग कोकिलाबेनकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलंही होतं तिने. त्यांनी हाताने थांबवलं. यांना म्हणाले, "सारुं, साहेब. हुं फरी करी आपीश."

आणि त्यांनी खरंच पुन्हा करून दिलं, स्वतःच्या खर्चाने. चार दिवस लागले. मे महिना. थिनर ओतायचं, तारेच्या ब्रशाने घासायचं, फडक्याने उचलायचं, पुन्हा ओतायचं. घरभर तो वास. कोकिलाबेनच्या हातांची सालटं निघाली. तिसऱ्या दिवशी ती हात धुवायला आत आली तेव्हा मी तिला खोबरेल तेल दिलं, वाटीत काढून. तिने ते चोळलं, "सरस छे, टीचर" म्हणाली आणि परत उन्हात गेली. मला त्या तेलाचं दोन दिवस समाधान होतं. सांगायला लाज वाटते, पण होतं.

पुढच्या सोमवारी, प्लास्टिक पसरून, तपासून, मग दुसऱ्यांदा सीलर लागला. अंगण छान झालं. पण यांनी आधीच सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं — मुद्देसूद, फोटोसकट. यांचं लिहिणं म्हणजे शेवटचा शब्द. नऊ घरांनी रमणभाईंना नकार कळवला. त्यातल्या एकाचे मेहुणे बांधकामातले होते, त्यांच्याकडेही नाव गेलं. मी तो मेसेज वाचला. खाली कुणीतरी हात जोडलेले पाठवले होते, मीही पाठवले.

एकदा सांगायचं ठरवलं होतं. यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. हे पडल्या पडल्या कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होते — काम तपासून घेतलं की माणूस कसा सुतासारखा सरळ होतो. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठले. तीन वर्षांपूर्वी हे गेले. ती गोष्ट खरी मानूनच गेले.

गेल्या महिन्यात भाजी घ्यायला गेले होते, तुरीच्या शेंगा निवडत होते. शेजारून कुणीतरी म्हणालं, "टीचर?" कोकिलाबेन. केस पिकलेले, पण मी लगेच ओळखलं. माझी पहिली इच्छा निघून जायची झाली. ती इकडे कुठे, तर मुलीला मांजलपूरमध्ये दिलंय. रमणभाई कसे आहेत, मी विचारलं — विचारावंच लागलं. ते काम सुटलं, म्हणाली. जिथे जावं तिथे लोक आमच्या सोसायटीचं विचारायचे, मग रमणभाईंनीच सोडलं. आता एका गोदामावर चौकीदार आहेत. तिने ते तक्रारीसारखं सांगितलं नाही. मग "साहेब केम छे?" म्हणाली. मी सांगितलं, गेले. तिने माझा हात धरला. भरल्या बाजारात, शेंगांच्या ढिगाशेजारी, ती माझा हात धरून उभी राहिली, आणि मी तिला धरू दिला.

मग ती म्हणाली की रमणभाई घरात माझ्याविषयी कधी वाईट बोलू देत नाहीत. ती चिडायची तेव्हा तिला गप्प करायचे. म्हणायचे, टीचर खोटं कशाला बोलतील, एवढ्या गडबडीत विसरल्या असतील. हे सांगून ती माझ्याकडे बघत थांबली. एवढी वर्षं तिलाच खात्री करून घ्यायची असावी.

"तमे भूली गयां हशो, ने?"

मी म्हटलं, "हो. विसरलेच असेन."

तिने मान हलवली. तिला बरं वाटलेलं दिसलं. घरी जाऊन सांगते, म्हणाली.

मी विसरले नव्हते. तेव्हाही नाही, त्यानंतर एक दिवसही नाही.