अबू खालिदची हलकी मॅग्नम

रायफल आणि जवान यांच्यामध्ये भीतीला जागा नसते. हे वाक्य मी बहरीनमधल्या मराठी मंडळात प्रजासत्ताक दिनाला म्हटलं. टाळ्या पडल्या, मग साबुदाणा वडे आले. खरी गोष्ट अशी की त्या दोघांच्यामध्ये जेवढी जागा असते ती बहुतेक भीतीचीच असते. ती उजव्या खांद्यापासून सुरू होते.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमच्या सातारा भागात निवृत्त हवालदाराला मेजर म्हणायची पद्धत आहे. ही बढती फुकट असते, तिच्याबरोबर पेन्शन वाढत नाही. इथे मी अमवाज आयलंड्सवरच्या काही इमारतींचा सिक्युरिटी सुपरवायझर आहे. नईम भागातल्या माझ्या खोलीत कांबळे राहतात. कराडचे. आमच्याच कंपनीत अकाउंट्सला आहेत. त्यांनी ऑफिसातही मला मेजर म्हणायला सुरुवात केली. ते मालकाच्या कानावर गेलं, आणि मालक अबू खालिद यांना मी खराखुरा मेजर वाटलो.

एका सकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मेजर, तू स्नायपर था?"

"स्नायपर का साथी था, साहब. स्पॉटर."

"सेम सेम."

अबू खालिद हिवाळ्यात मध्य आशियातल्या डोंगरात आयबेक्सच्या शिकारीला जाणार होते. आयबेक्स म्हणजे लांब शिंगांचा रानबोकड. रायफलीचा परवाना, कागदपत्रं हे सगळं त्यांचा मेहुणा बघणार होता. तो जुना शिकारी. निवड मी करायची होती.

"हलका चाहिए. पहाड़ है, और ये है," त्यांनी पोटावर हात ठेवला. "मॅग्नम चाहिए, दूर का. निशाना पक्का. पैसा नॉर्मल. और तू साथ चलेगा. मेरे बाजू में लेटेगा."

शेवटचं वाक्य ऐकून माझे हात गार पडले. केबिनमध्ये एसी होता, त्यामुळे ते खपून गेलं.

मॅग्नम म्हणजे नेहमीच्या गोळीपेक्षा जास्त दारू भरलेली गोळी. ती लांब जाते, सरळ जाते आणि जाताना मागे तेवढीच लाथ घालते. रायफल जड असेल तर ती लाथ लोखंड खातं. हलकी असेल तर माणूस खातो. जाहिरातीत यातलं पहिलं अर्धंच छापलेलं असतं.

संध्याकाळी कांबळे लॅपटॉप घेऊन बसले. त्यांना कुठल्याही वस्तूची माहिती काढायला आवडतं. मिक्सर घेतानाही त्यांनी आठवडा लावला होता.

"मेजर, ही बघा. अडीच किलो. कार्बनचा दस्ता. आमच्या आईचा पाटा याच्यापेक्षा जड होता."

"कार्बनला पैसे घालायचे नाहीत. अर्धं बजेट दुर्बिणीला ठेवा. आणि नळी एवढी बारीक नको, तिसऱ्या गोळीला तापून भरकटते."

"हिच्या नळीच्या तोंडाला ब्रेक आहे. धक्का निम्मा होतो म्हणे."

"होतो. आवाज दुप्पट होतो. शेजारी पडलेल्या माणसाचा कान जातो."

"शेजारी कोण?"

"मी."

कांबळे हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी लॅपटॉप मिटला. "तुम्हाला सगळं येतंय, मग तोंड का पाडून बसलाय? आणि मालकाला काही उलटसुलट बोलू नका. व्हिसा त्याच्या हातात आहे."

मग मी त्यांना दत्तूचं सांगितलं.

लान्स नाईक दत्तू गायकर अकोले तालुक्यातला. अंगानं काटक. आम्ही उत्तरेकडच्या एका डोंगरी पोस्टवर होतो. तो शूटर, मी स्पॉटर, म्हणजे शेजारी पडून अंतर आणि वारा सांगणारा, आणि त्याचा इन्स्ट्रक्टर, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा. पोस्टवरचं काम कंटाळवाणं होतं. पाणी आणणं, बर्फ काढणं, हत्यार साफ करणं, नाल्याकडे बघत बसणं. त्या हंगामात आमच्याकडे चाचणीसाठी एक हलकी मॅग्नम आली. एक मोठे साहेब हेलिकॉप्टरनं आले. त्यांनी ती एका हातानं उचलली, हलकेपणाचं कौतुक केलं, फोटो झाला, चहा झाला.

रायफल उत्तम होती. शंभर मीटरवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. पण पहिल्याच दिवशी धक्क्यानं वरच्या दुर्बिणीची कड दत्तूच्या भुवईत घुसली. टाके पडले. त्यानंतर मला एकाच गोष्टीची भीती होती, फ्लिंच. गोळी सुटायच्या आधीच अंग दचकतं, डोळा मिटतो, नळी खाली जाते. चांगल्या चांगल्या नेमबाजांना हे होतं आणि कोणी कबूल करत नाही.

ते पकडायची एक जुनी रीत आहे. जोडीदार गोळ्या भरतो आणि मध्येच एक डमी, म्हणजे बिनदारूची गोळी, घालतो. शूटरला माहीत नसतं. डमीवर नुसता खट् आवाज होतो. त्या वेळी नळी स्थिर राहिली तर माणूस ठीक. खाली गेली तर फ्लिंच आहे. मी शेजारी बसून दत्तूला कित्येक डमी दिल्या. नळी एकदाही हलली नाही. मी त्याला पास केलं.

पंधरा दिवसांनी, सकाळी, आम्ही दोघे नाल्यावरच्या दगडांमागे पडून होतो. खाली माणसं दिसली. मी वायरलेस सेट उचलला.

"टू टू ब्राव्हो. तीन आदमी, नाले में. हथियार हैं. ओव्हर."

"ब्राव्हो टू टू. एंगेज. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मी अंतर सांगितलं, वारा सांगितला. दत्तूनं श्वास सोडला. गोळी पहिल्या माणसाच्या बरीच अलीकडे दगडावर बसली. तिघे फुटले. वरच्या कड्यावर त्यांची मशीनगन होती, ती आम्हाला दिसली नव्हती. पहिला बर्स्ट आमच्या डोक्यावरून गेला. आम्ही गाल जमिनीला लावून पडलो. मला दगडाचा वास येत होता आणि माझे दात वाजत होते.

"उस्ताद, डोळा मिटला," दत्तू म्हणाला.

"बोलू नको. बोल्ट मार, दुसरी गोळी घे."

"टाके पडल्यापासून मिटतोय. डमीचं तुमच्या तोंडावरून कळायचं. डमी भरली की तुम्ही ओठ आवळून घेता. हसू दाबल्यासारखं."

त्याला स्वतःलाच हसू यायला लागलं होतं. दुसरा बर्स्ट खाली आला. त्यानंतर तो बोलला नाही.

मी त्याच्या हाताखालून रायफल ओढली, खांद्याला लावली आणि ट्रिगर दाबायच्या आधी माझे दोन्ही डोळे मिटले. ती गोळी कुठे गेली ते मला माहीत नाही. दुपारी आमची माणसं पोचेपर्यंत मी त्याच्या शेजारी तसाच पडून होतो.

कांबळे उठले. त्यांनी चहा टाकला. "मालकाला डमी द्याच," ते म्हणाले. "व्हिसाचं बघू."

शुक्रवारी अबू खालिद, त्यांचा मेहुणा आणि मी दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या रेंजवर गेलो. मेहुण्याकडे सात एमएम मॅग्नम होती, अगदी हलकी. तशीच घ्यायची असं अबू खालिद यांनी ठरवूनच ठेवलं होतं. गोळ्या मी भरल्या आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. दत्तूनंतर मी डमी भरली की शेजारी बसत नाही.

पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. "यल्ला, मेजर, देखा?" ते खांदा चोळत म्हणाले. तिसरी डमी होती. खट् झालं. नळी चार बोटं खाली गेली, खांदा पुढे उडाला, मान आत ओढली गेली. मेहुणा हसला. अबू खालिद वळले तसा तो थांबला.

"ये क्या है?"

"खाली गोली, साहब."

"तूने जान के डाला?"

"जी."

मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली. त्यांनी रायफल बेंचवर ठेवली. मेहुण्याला पाणी आणायला पाठवलं. मग हळू आवाजात विचारलं, "तेरे को भी होता है?"

"होता है, साहब. अभी भी."

"फिर बाजू में कैसे लेटेगा?"

"डरते डरते."

"खलास, ठीक है," ते म्हणाले. "कौन सा लेना है, बोल."

मॅग्नमच घेतली. तेवढा मान ठेवावा लागतो. पण अर्धा-पाऊण किलो जड, दस्त्याला जाड रबरी पॅड, साधा फायबरचा दस्ता, आणि वाचलेले पैसे दुर्बिणीत. ब्रेक नाही. खोकाभर डमी. अबू खालिद रोज ऑफिसला यायच्या आधी घरी खट् खट् करायचे. त्यांच्या बायकोनं त्यांना वेड लागलं असं ठरवलं होतं.

हिवाळ्यात आम्ही गेलो. तिसऱ्या दिवशी समोरच्या उतारावर एक मोठा बोकड उभा राहिला. मी त्यांच्या बाजूला पडलो, अंतर सांगितलं, वारा सांगितला. माझे दात वाजत होते. थंडी होती, त्यामुळे तेही खपून गेलं. आमचा म्हातारा वाटाड्या आमच्या पुढे, नळीच्या थोडा खाली, वाकून बसला होता. अबू खालिद बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग त्यांनी ट्रिगरवरून बोट काढलं.

"मफी, मेजर, नहीं होगा. आज आँख बंद हो रहा है."

एवढं बोलताना मी फार थोड्या अधिकाऱ्यांना ऐकलं आहे. बोकड चरत चरत निघून गेला. वाटाड्या उठला आणि त्यानं आमच्यासाठी सूप केलं.

दत्तूच्या गावी शाळेसमोर त्याचा फलक आहे. अखेरच्या क्षणीही त्याची नजर ढळली नाही, असं त्यावर कोरलं आहे. सुट्टीवर गेलो की मी तिथे जातो, थोडा वेळ ओठ आवळून उभा राहतो. त्याला कळत असेल. त्याच्या आईनं फलकाशेजारी तुळस लावली आहे, तिला पाणी घालतो आणि परत येतो.

त्याची रायफल साफ करून स्टोअरमध्ये जमा केली होती. ती चाचणीत पास झाली.