‘वर या’ म्हणाले त्याचा खर्च

उमेदवाराचा नवरा हा प्राणी निवडणुकीपुरता साहेब होतो. मी एरवी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. नट-बोल्ट मोजण्यात हयात गेली. म्हणून बायकोला महापालिकेचं तिकीट मिळालं तेव्हा तिच्या प्रचारखर्चाचा हिशेब आपसूक माझ्या गळ्यात आला. कार्यकर्त्यांनी चहा घेतला की मी कप मोजायचो, कारण कपाचाही दर सरकारने ठरवलेला. "दाजी, घोटभर राहिलाय, तो धरू नका," म्हणून पोरं टिंगल करायची. कायदा पाळतोय याचा मला भारी अभिमान. त्या अभिमानाचं काय झालं ते सांगताना अजून डोकं तापतं.

बायकोला एकाच गोष्टीवर बोलायचं होतं. कंपन्यांतून सुटणाऱ्या बाया ज्या रस्त्याने आमच्या कॉलनीत येतात, त्यावरचे दिवे कायम बंद. त्यांच्या मुली बायकोकडे शिकवणीला येतात आणि आई घरी पोचेपर्यंत जीव मुठीत धरून बसतात. पक्षाचे प्रदेशातले एक बडे नेते, सगळ्यांचे ‘साहेब’, आमच्या प्रभागात सभा घेणार असं कळलं, तेव्हा तिने दोन मिनिटांचं भाषण बसवलं. मला ऐकवून ऐकवून पाठ केलं. बायांना सांगून आली, "या गं सगळ्या, दिव्यांचं बोलणारे मी."

सभेच्या सकाळी पक्षाचे शहराध्यक्ष घरी आले. "वहिनी, तुम्ही मंचावर यायचं नाही."

"का म्हणून?"

"नियम आहे. सभा पक्षाची असली तर पक्षाने कितीही पैसे उडवावेत. पण उमेदवार मंचावर दिसला, किंवा साहेबांनी त्याचं नाव घेतलं, की खर्च उमेदवाराच्या अंगावर. तुमची खर्चाची मर्यादा तेवढ्यातच संपेल. निवडून येऊनही पद जाईल."

"म्हणजे माझ्या प्रचाराची सभा आणि मी प्रेक्षक?"

"नियमच आहे तसा," मी मान डोलावली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने रिकामे कप उचलून आत गेलो.

संध्याकाळी आम्ही मैदानात खुर्च्यांवर बसलो. दिवसपाळीच्या बाया कंपनीच्या कोटातच थेट आल्या होत्या. मंच केवढा, पडदे केवढे, फुलं किती! मी सवयीने मोजायला लागलो आणि थांबलो. माझ्या कपांना दर होता, या डोंगराला नव्हता. साहेब देशावर बोलले, विरोधकांच्या खानदानावर बोलले, आणि शेवटी कुणी हातात दिलेल्या चिठ्ठीवरून त्यांनी प्रभागातल्या पक्षाच्या चौघा उमेदवारांपैकी एकटीचं, माझ्या बायकोचं, नाव वाचलं.

"कुठे आहेत आमच्या ताई? या, वर या! दोन शब्द बोला!"

अख्खं मैदान वळलं. बायको अर्धी उठली. शहराध्यक्ष मंचावरून दोन्ही हातांनी "बसा, बसा" करत होते. निवडणूक कार्यालयाचा कॅमेरा आमच्यावर आला. आणि मी, तिच्या सख्ख्या नवऱ्याने, तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

"लाजल्या!" साहेब माईकवर म्हणाले. मैदान खदखदून हसलं.

लाजल्या! जिने पालिकेच्या इंजिनिअरला त्याच रस्त्यावरून अंधारात पायी चालवत आणलं होतं, ती बाई लाजली!

सभा सुटल्यावर एका बाईने तिला अडवलं. "तुला बोलावलं ना गं त्यांनी? आत्ताच तोंड उघडेना, निवडून आल्यावर काय उघडशील?" बायको नियम समजावायला लागली. बाई अर्ध्यातच निघून गेली. तिचं तरी काय चुकलं?

मग निवडणूक कार्यालयाची नोटीस आली. बाकीच्या तिघांचं नाव घेतलं नाही, ते सुटले. हिचं घेतलं, सबब अख्खी सभा हिच्या खर्चात का धरू नये?

शहराध्यक्ष म्हणाले, "नाव प्रदेशवाल्यांनी घेतलं, आमचा काय संबंध?" प्रदेश कार्यालयातून फोनवर उत्तर आलं, "सभा तुमच्या शहर शाखेने मागितली होती, त्यांना विचारा." इथल्या दुकानदारांकडून गोळा केलेला निधी वर जातो तेव्हा मात्र हे दोघे एकच पक्ष असतात. पैसा वर चढताना जोडलेले आणि जबाबदारी खाली येताना तुटलेले. ज्या शहाण्याने हा कायदा लिहिला त्याला एकदा आमच्या रस्त्यावरून चालवायला हवं.

नोटिशीच्या सुनावणीत निवडणूक अधिकाऱ्याने सभेची चित्रफीत लावली. "लाजल्या!" पुन्हा ऐकू आलं. एक लिपिक फिसकन हसला. बायको उठली. मी पुन्हा हात पुढे केला, तिने तो झटकला.

"साहेब, ही सभा माझी धरताय ना? सगळीच्या सगळी?"

"तसंच दिसतंय, मॅडम."

"मग तिच्यात माझं बोलायचं राहिलंय. घ्या लिहून."

आणि तिने भाषण सुरू केलं. कुठला खांब, किती महिन्यांपासून बंद, कुठल्या वळणावर बाया पदर खोचून पळतात. "मॅडम, हे इथे नाही..." अधिकारी म्हणत राहिले. ती संपेपर्यंत थांबली नाही.

निर्णय मतदानानंतर कळवू, असं सांगितलं गेलं. म्हणजे आधी जिंकायचं, मग आपण जिंकलो की नाही ते विचारायला यायचं! मी तिथेच भांडायला लागलो, तर तिने मला ओढून बाहेर काढलं.

"अहो, रिक्षा बघा. पाळी सुटायच्या आत त्या रस्त्यावर पोचायचंय. दिव्यांचं बायांना सांगायचं राहिलंय."

"बाया शिव्या घालतील तुला."

"घालू देत. समोर तर असतील."