डाव्या लेनमधले दाजी

अमेरिकन माणूस हॉर्न वाजवत नाही, असं म्हणतात. असं म्हणणारे लोक माझ्या साडूंच्या गाडीमागून कधी गेलेले नसतात. मिशिगनच्या हायवेंवर ते गाडी चालवत त्या तीन-चार वर्षांत जेवढे हॉर्न वाजले, त्यांतले निम्मे तरी आमच्या दाजींना उद्देशून होते, आणि त्यांतला एकही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. क्वचित एखादा जीव तोडून वाजवलेला, लांबलचक हॉर्न कानावर पडलाच, तर दाजी काच खाली करून हात हलवायचे आणि ताईंना म्हणायचे, "ओळखीचं दिसतंय कुणीतरी."

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोल्हापूरचे. डेट्रॉइटजवळ ट्रॉयला एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते, आणि गाडी चालवताना ब्रेक या वस्तूकडे त्यांचं अजिबात लक्ष नसे. "हलवाई कधी स्वतःची जिलबी खातो का, साडूभाऊ?" असं ते मला विचारत. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. लायसन्सच्या लेखी परीक्षेत माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. ही हकीकत मी मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, सांगून पाहिली, तर लोक "अच्छा" म्हणून समोशांकडे वळले. दाजी त्याच परीक्षेत दोनदा नापास झाले होते, आणि ती गोष्ट मात्र लोक त्यांना गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या डोहाळजेवणात पुन्हा पुन्हा सांगायला लावत. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यात माझी बायकोही असायची. माझ्या विनोदावर तिच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मला तरी आठवत नाही.

दोन हजार चारच्या सुमाराला दाजींनी ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत ओटा, पलंग, संडास, सगळं काही. बाकीचं जग त्याला कॅराव्हान म्हणतं, दाजी त्याला बिऱ्हाड म्हणायचे. एकटी गाडी ते बेताची वाईट चालवत, पण बिऱ्हाड मागे लागलं की त्यांच्यातल्या खऱ्या गुणांना बहर यायचा. पहिली गोष्ट म्हणजे, ते कायम डाव्या लेनमधून जात. अमेरिकेत डावी लेन घाईत असलेल्यांची. दाजी तिथून ताशी पन्नास मैलांच्या स्पीडनं, देवदर्शनाला निघाल्यासारखे चालायचे. "उजवीकडे सारखं कुणीतरी आत येतंय, कुणीतरी बाहेर जातंय, नुसतं एसटी स्टँड! डावीकडं कसं निवांत असतं." मागे क्षितिजापर्यंत गाड्यांची रांग लागायची, आणि त्या रांगेत त्यांच्या बरोबर मागे माझी गाडी असल्यामुळे लोकांचे सगळे हातवारे मला बघायला लागायचे. मी खांदे उडवून 'मी यांच्यातला नव्हे' असं दाखवायचा प्रयत्न करी. पण दोन्ही गाड्यांत तोंडवळे सारखेच, विश्वास कोण ठेवणार?

इंडिकेटर ते एकदा घरून निघताना लावत, तो मुक्कामी पोचल्यावर बंद करत. बाहेरचा आरसा त्यांनी असा फिरवून ठेवला होता की त्यात मागचा रस्ता दिसायचा नाही, फक्त बिऱ्हाडाची खिडकी आणि तिच्यातला ताईंनी शिवलेला पडदा दिसायचा. मी त्यांना म्हटलं, "दाजी, मागून कोण येतंय ते दिसायला नको का?" तर म्हणाले, "मागनं येणाऱ्याला मी दिसतोय की. एवढं मोठं घर आहे!" मी माझे आरसे तपासले.

चारच्या चहाची वेळ झाली की ते हायवेच्या कडेला, जिथे फक्त गाडी बंद पडली तर थांबायचं असतं तिथे, बिऱ्हाड उभं करायचे आणि ताई आत चहा टाकायच्या. एकदा मागे निळे दिवे लुकलुकले, पोलीस उतरला. मला तर आतून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? दाजींना आता चांगली समज मिळेल, म्हणून मी मागे थांबून काच जरा खाली केली. पाच मिनिटांनी तो उंचापुरा पोलीस बिऱ्हाडाच्या पायरीवर बसून बशीत चहा ओतायला शिकत होता. दाजींना त्यानं दंडाचं तिकीट दिलं नाही, वर त्यांना बंदोबस्तात हायवेवर चढवून दिलं. त्याच उन्हाळ्यात, दाजींच्या पुढे जायचं म्हणून मी आयुष्यात एकदा स्पीड जरासा वाढवला, तर मला तिकीट मिळालं. पोलीस माझ्या खिडकीशी उभा राहून ते लिहीत असताना दाजी बिऱ्हाड घेऊन शेजारून डुलत डुलत गेले, आणि त्यांनी हात हलवल्यावर त्या पोलिसानंसुद्धा हात हलवला.

पेट्रोल पंपावर ते हमखास उलट्या बाजूनं शिरत आणि अडकत. मग कुठूनतरी बेसबॉलच्या टोप्या घातलेले आडदांड शेतकरी, ट्रकवाले जमा होत, सगळे मिळून बिऱ्हाड बाहेर काढत, आणि निघताना दाजींना मिठ्या मारत. त्यांतल्या दोघांची नाताळची कार्डं दाजींना दर वर्षी यायची. एकाच्या नातवाच्या बारशाला, म्हणजे त्यांच्यात जे काय असतं त्याला, ते ताईंसह पुरणपोळ्या घेऊन जाऊन आले. मी माझ्या शेजाऱ्याला वर्षानुवर्षं ओळखत होतो, म्हणजे त्याच्या कुत्र्याचं नाव मला ठाऊक होतं.

पण खरा सोहळा कॅम्पग्राउंडवर बिऱ्हाड रिव्हर्स घेताना. ताई मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी बोलावायच्या, "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..." मग पाण्याच्या नळाचा खांब कडकन वाजायचा आणि ताई म्हणायच्या, "बास!" तोवर आजूबाजूच्या बिऱ्हाडांतून माणसं खुर्च्या टाकून बाहेर आलेली असत. कुणी उजवीकडे वळव म्हणे, कुणी डावीकडे. तासाभराने बिऱ्हाड जागेवर लागेपर्यंत त्या सगळ्यांची नावं, गावं, गुडघेदुख्या दाजींना तोंडपाठ झालेल्या असत, आणि संध्याकाळी ती सगळी मंडळी आमच्या शेकोटीपाशी कांदाभजी खायला हजर.

माझी मुलगी रेवा तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिला काकांच्याच ट्रकमधून जायचं असायचं. "बाबा, यू ड्राइव्ह लाइक अ टीचर," असं ती मला म्हणायची. मी बायकोकडे बघायचो, ती खिडकीबाहेर बघायची.

बिऱ्हाडाच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैत, आम्ही दोन्ही घरं वर उत्तरेला, एका तळ्याकाठी आठवडाभर राहायला निघालो. निघायच्या आधी मी बिऱ्हाडात डोकावलो, तर अगदी मागच्या कपाटात दाजींनी कोल्हापूरहून आणलेला दगडी पाटा-वरवंटा, त्यावर तांदळाची पोती, आट्याच्या पिशव्या, पाण्याचे कॅन असं रचून ठेवलेलं. मी म्हटलं, "दाजी, वजन पुढे पाहिजे. मागे जड झालं तर ट्रेलर डुलायला लागतो. मी वाचलंय."

"साडूभाऊ, माझा आजा बैलगाडी हाकायचा," ते म्हणाले. "गाडी मागनं जड होऊन उलाळ होते म्हणजे काय, ते तुम्ही मला पुस्तकातनं सांगणार? चला, बसा. उशीर होतोय." रेवा त्यांच्या शेजारी जाऊन बसलीसुद्धा होती. ताई त्या दिवशी आमच्या गाडीत बसल्या, कारण दोघी बहिणींना बोलायचं होतं.

निघायला उशीर झाला होता आणि रेवाला अंधार पडायच्या आत पोहायचं होतं. त्यामुळे की काय, आयुष्यात पहिल्यांदाच दाजी वेगात निघाले. आम्ही मागे. लांब उताराचा रस्ता लागला, आणि एक भला मोठा मालट्रक त्यांच्या बाजूनं झपकन निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं बिऱ्हाड जरासं हललं. मग आणखी हललं. मग ते हत्तीच्या शेपटीसारखं या लेनमधून त्या लेनमध्ये जायला लागलं, आणि पुढचा ट्रकही त्याच्याबरोबर ओढला जाऊ लागला. मागच्या सीटवर दोघींची बडबड थांबली. बायकोनं माझा खांदा धरला. ताई नुसतं "अहो... अहो..." म्हणत होत्या. मी स्टिअरिंग घट्ट धरून तोंडानं सांगत होतो, "ब्रेक नका मारू, दाजी. ब्रेक नका मारू." मला ठाऊक होतं, अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला की सगळं संपतं. आणि हेही ठाऊक होतं, की घाबरल्यावर माणूस ब्रेकच दाबतो.

ट्रकचे मागचे लाल दिवे लागले नाहीत. त्यांनी नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असावा, आणि बिऱ्हाडाचे ब्रेक वेगळे लावायचं हाताशी एक बटण असतं ते हळू दाबलं असावं. झोके कमी कमी होत गेले. शेवटी बिऱ्हाडाचं एक चाक दोन रस्त्यांमधल्या गवतात उतरलं आणि सगळं थांबलं.

मी गाडी कुठे आणि कशी उभी केली ते मला आठवत नाही. धावत गेलो. रेवा दार उघडून उतरत होती. रडत नव्हती. मी तिला उचललं तर म्हणाली, "बाबा, पुट मी डाउन. आय ॲम फाइन. काका मला गोष्ट सांगत होते."

"कसली गोष्ट?"

"त्यांच्या आजोबांच्या बुल्सची. ते म्हणाले, बाहेर बघू नको, माझ्याकडे बघ, आणि त्या बुल्सची नावं पाठ कर."

मी दाजींकडे वळलो. ते बिऱ्हाडाच्या पायरीवर बसले होते. ताई त्यांच्याजवळ पोचल्या, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, पण त्यांना ती धरता येईना. ताईंनीच ती त्यांच्या तोंडाला लावली. ते मला म्हणाले, "पोरगी तुमची होती हो, साडूभाऊ." आणि मग, "आता तुम्ही चालवा."

ते वाक्य ऐकायची माझी किती दिवसांची इच्छा होती! पण ते ऐकताना मला काही सुख झालं नाही. गाडी गवतात उलटली नव्हती, हे त्यांच्या हातामुळे. आणि माझ्या मुलीनं भीतीसुद्धा बघितली नव्हती, हे त्यांच्या गोष्टीमुळे. त्या जागी मी असतो तर ब्रेक मारला नसता, ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण गोष्ट मला सुचली नसती. तिकीट लिहिणाऱ्या पोलिसासमोर वाटला नसेल एवढा हेवा मला त्या पायरीवर बसलेल्या, बाटलीही धरता न येणाऱ्या माणसाचा वाटला.

आम्ही सगळ्यांनी मिळून पाटा-वरवंटा, पोती, कॅन पुढे आणून ठेवले. आरसे मी नीट केले. उजव्या लेनमधून, बेताच्या वेगानं, दोन्ही हात जागेवर ठेवून मी बिऱ्हाड तळ्यापर्यंत नेलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. कुणी हातही हलवला नाही. दाजी शेजारी बसून समोर बघत होते. रेवाला झोप लागली. कॅम्पग्राउंडवर आजूबाजूचे लोक आमचं बिऱ्हाड बघून मदतीला उठले, तेवढ्यात मी ते एका झटक्यात रिव्हर्स घेऊन जागेवर लावलंसुद्धा. "नाइस जॉब," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे आपापल्या खुर्च्यांवर परत गेले. संध्याकाळी आमच्या शेकोटीपाशी आम्हीच पाचजण होतो. भजी उरली.

त्यानंतर दाजींनी बिऱ्हाड पुन्हा रस्त्यावर काढलं नाही. मी दोनदा म्हणून पाहिलं, "दाजी, मी पुढे राहतो, तुम्ही मागून सावकाश या." ते हसून विषय बदलायचे. पुढच्या वसंतात त्यांनी ते एका निवृत्त जोडप्याला देऊन टाकलं. मग डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली, त्यांच्या कंपनीतली माणसं एकेक करून कमी होऊ लागली, आणि आपली पाळी यायची वाट न बघता दाजींनी पुण्यातली नोकरी धरली. त्यांना निरोप द्यायला विमानतळावर त्या टोप्यांवाल्या शेतकऱ्यांपैकी एकजण तीन तास गाडी चालवून आला होता. तो रडला. मला रडता आलं नाही, कारण सामान मोजायचं काम माझ्याकडे होतं.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. परवा म्हणाले, "इथं ड्रायव्हर ठेवलाय, साडूभाऊ. आम्ही आपले मागं बसतो. फार सांभाळून चालवतो हो पोरगा. अगदी तुमच्यासारखा."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या ड्रायव्हिंगची केलेली ही पहिली स्तुती. मी विचारलं, "मग बरंच आहे की. कंटाळा नाही ना येत?"

"छे," ते म्हणाले. मग म्हणाले, "झोप लागते."

तेवढ्यात रेवानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. आता ती माझ्या खांद्याला लागते, मराठी तर जवळजवळ विसरलीच आहे. फोन घेऊन ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. "काका, नो, मला सगळी नावं अजून पाठ आहेत!" असं काहीतरी म्हणाली आणि हसत सुटली. मी खाली कठड्याला हात लावून उभा होतो. तिकडून ते काय सांगत होते, ते मला काही केल्या ऐकू येत नव्हतं.